चार घरांचे एक ऑर्किड

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. निदान मी तरी केले नाहीत. मला तेवढा वेळ नाही. मी फक्त एक वही आखली होती. दोनशे पानी, लाल शाईचा समास आणि चार रकाने: तारीख, कोणाचे घर, हवेतला दमटपणा आणि शेरा. शेऱ्याचा रकाना मी मुद्दाम अरुंद ठेवला, कारण शेरा दोन शब्दांचा असावा, असे आम्हाला शाळेत शिकवले होते. मी जुनी मॅट्रिक आहे. त्या काळी 'सुधारणा आवश्यक' एवढे दोन शब्द वाचून मुली रात्रभर जेवत नसत. पण या वहीत दुसऱ्याच महिन्यात शेरे समास ओलांडून पलीकडच्या पानावर गेले, आणि पावसाळा संपेपर्यंत वहीला पुरवणी शिवावी लागली. आता ती वही उघडूनच बसले आहे, तर ऐका.

*

वहीच्या पहिल्या पानावर माझ्या नणंदेचा, म्हणजे कुमुदवन्संचा शब्द लिहिलेला आहे.

वन्सं ठाण्याला राहतात. हे गेल्याला सहा वर्षे झाली. तेव्हापासून त्यांनी या घरात पाऊल ठेवले नव्हते. दरवर्षी निमित्त निराळे. उन्हाळ्यात इथले ऊन सोसत नाही, हिवाळ्यात इथल्या हवेने ओठ फुटतात, पावसाळ्यात गुडघे. भाऊ नसलेले घर बघवत नाही, हे त्यांनी कधी म्हटले नाही आणि मीही कधी म्हणू दिले नाही.

गेल्या वर्षीच्या माघात त्यांनी मुलाबरोबर एक ऑर्किड पाठवले. पांढरी फुले, मध्ये जांभळी छटा. फार देखणे! आठ दिवसांत सगळी फुले गळाली. मी फोन केला, तर पलीकडून वन्सं खूश.

"मी म्हटलंच होतं, वहिनी! त्याला हवेत ओल लागते. तुमच्या त्या कोरड्या गावात ते जगलं तरी पुष्कळ."

"जगेल," मी म्हटले, "आणि फुलेलही."

"फुललं ना, तर मी स्वतः बघायला येईन! आठ दिवस राहीन!"

"शब्द?"

"शब्द!"

मी त्यांच्याकडून तो दोनदा म्हणवून घेतला आणि वहीत लिहिला. एकदा म्हटलेले माणूस विसरते. दोनदा म्हटलेले विसरल्याचे फक्त सोंग करते.

*

झाडाला माझ्या घरी काय कमी पडते, हे पाहण्यासाठी मी हवेतला दमटपणा दाखवणारे एक छोटे यंत्र मागवले. चैत्रात त्याचा काटा अठरावर होता. झाडाला हवे होते पन्नासच्या पुढे. मी परातीत खडे पसरले, त्यात पाणी घातले, वर कुंडी ठेवली. काटा वीस!

तेव्हा ते यंत्र हातात घेऊन मी जिना चढले, उतरले. आमच्या जिन्यावर चार घरे आहेत. तळमजल्यावर गयाबाई, पिशोरच्या, मुलाकडे राहायला आलेल्या. पहिल्या मजल्यावर मी. दुसऱ्यावर साळवे सिस्टर, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या परिचारिका. तिसऱ्यावर नजमाभाभी, त्यांच्या यजमानांचे, सत्तारभाईंचे, गुलमंडीत कापडाचे दुकान आहे. नजमाभाभींच्या मधल्या खोलीत वाळ्याच्या जाळीचा मोठा कूलर चालू होता. तिथे काटा सरसर चढला आणि पंचावन्नवर जाऊन थांबला. मी तिथेच टाळी वाजवली.

ठरले! एक झाड, चार घरे. उन्हाळ्यात नजमाभाभींचा कूलर, पावसाळ्यात गयाबाईंचा ओटा, हिवाळ्यात साळवे सिस्टरांची पूर्वेची खिडकी. माझ्याकडे वही.

अडचण एवढीच होती, की कूलरशेजारची ती जागा दुपारी सत्तारभाईंच्या गादीची होती. ते जेवून आले तर गादी दाराशी गेलेली, आणि जागेवर तिपाईवर झाड.

"ये क्या, बेगम? मला बाहेर काढलं आणि झाडाला आत घेतलं?"

नजमाभाभींनी चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. "झाड घोरत नाय!"

*

नंतर पाण्याचा प्रश्न. नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांआड, आणि बोअरचे पाणी असे, की पानांवर चुन्याचे पांढरे डाग पडतात. या झाडाला ते चालत नाही. समोर एका दंतवैद्यांचा दवाखाना आहे. त्यांच्या एसीच्या नळीतून दिवसभर स्वच्छ पाणी ठिबकत फुटपाथवर वाया जाते. मी छत्री, घडीचे स्टूल आणि झाकणाची स्टीलची बादली घेऊन रोज साडेअकराला तिथे बसू लागले.

चौथ्या दिवशी डॉक्टर स्वतः बाहेर आले. तरुण आणि सालस आहेत. माझ्या बादलीकडे पाहून त्यांचा चेहरा पडला.

"आजी, घरात प्यायलाही पाणी नाही का? आधी सांगायचं ना! मी टँकर पाठवतो."

आत खुर्चीवर रुग्ण तोंड उघडे ठेवून वाट पाहत होता. लांबण लावणे मला बरे वाटले नाही.

"टँकर नको, डॉक्टर. एसी तेवढा सोळावर ठेवा!"

*

वैशाखात आम्ही चौघी मिळून कुरडया करतो. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा आणि मोठ्या पातेल्यात तो शिजवायचा. ज्यांनी चीक शिजवला आहे त्यांना ठाऊक आहे, की त्या वेळी स्वयंपाकघरात वाफेचा ढग असतो. माझ्या मनात आले, एवढी वाफ फुकट का घालवा? मी झाड खाली आणवले आणि शेगडीपासून हातभर अंतरावर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. शेजारी यंत्र.

"साठ!" साळवे सिस्टर म्हणाल्या.

"पासष्ट!" नजमाभाभी.

"सत्तर! बाई, सत्तर झालं की वो!" गयाबाईंना आकडे वाचता येतात, आणि त्या दिवशी त्यांनी ते अगदी ठणकावून वाचले.

चौघींच्या माना यंत्रावर. काटा त्र्याहत्तरवर गेला तेव्हा आम्ही एकमेकींचे हात धरले होते. मग वास आला.

चीक हलवायला कोणीच नव्हते! पातेले बुडाशी लागले. त्या वर्षी चारही घरांच्या कुरडया तांबूस झाल्या आणि तळल्या की धुराची चव लागायची. मात्र झाडाला एक नवे पान आले. वहीतला शेरा: 'झाड उत्तम. कुरडया लागल्या.'

*

पावसाळ्यात झाड गयाबाईंच्या ओट्यावर गेले. पहिल्या दिवशीच त्यांनी कुंडीत वाकून पाहिले.

"अवो बाई, ह्याला माती नाय, काय नाय! नुसता कोळसा आन् साल! झाड लावलंय का चूल मांडलीय?"

मी त्यांना समजावून सांगितले, की हे झाड रानात दुसऱ्या झाडाच्या अंगावर वाढते. त्याच्या मुळांना हवा लागते, माती नव्हे. गयाबाई 'व्हय, व्हय' म्हणाल्या. इथेच मी फसले. एखाद्याने एकदा 'व्हय' म्हटले तर त्याला पटलेले असते. दोनदा म्हटले, की ते आपले तोंड बंद करण्यासाठी असते.

आठ दिवसांनी पाने लुळी पडली. मी कुंडी उचलली तर ती दगडासारखी जड! गयाबाईंनी पिशोरहून मुलाबरोबर रानातली काळी माती आणवली होती आणि कुंडी काठोकाठ भरली होती, वर शेणखताचा हात फिरवून.

"उपाशी होतं बिचारं," त्या म्हणाल्या. "माझ्यानं बघवलं नाय."

साळवे सिस्टरांनी तत्काळ ताबा घेतला. टेबलावर पांढरी चादर, उकळलेली कात्री, हातात मोजे. कुजलेली मुळे कापून प्रत्येक कापावर त्यांनी दालचिनीची पूड लावली. आम्हा तिघींना बाहेर बसवले होते. गयाबाई पदराचे टोक पिळत होत्या. नजमाभाभींचे ओठ हलत होते. पाऊण तासाने दार उघडले.

"पेशंट वाचला. पण चोवीस तास तोंडातून काहीही द्यायचं नाही. पाणीसुद्धा!"

गयाबाईंनी हात जोडले. "सिस्टर, भाकरतुकडा तरी?"

*

त्यानंतरचा शेरा मी वहीत लिहिला आणि नंतर खोडला. खोडलेला तरीही वाचता येतो, म्हणून सांगून टाकते.

नवरात्राच्या सुमारास पानाच्या बेचक्यातून एक हिरवागार, चकचकीत कोंब बाहेर आला. फुलाचा दांडा! चारही मजल्यांवर बातमी पाच मिनिटांत पोहोचली. गयाबाई म्हणाल्या, पहिलटकरीण आहे, डोहाळजेवण झाले पाहिजे. मला असला चावटपणा आवडत नाही. परंतु मी नाही म्हणेपर्यंत नजमाभाभींनी हिरव्या बांगड्या आणि शिरखुर्मा आणला होता. कुंडीला हिरवे कापड गुंडाळले, पाट मांडला, रांगोळी काढली. ओटीसुद्धा भरली. आणि मी (याची मला आजही लाज वाटते) फोन उचलला.

"वन्सं, तिकीट काढा!"

पंधरा दिवसांत तो कोंब खाली वळला. नंतर त्याच्यावर चंदेरी झाक आली. मग तो कुंडीच्या कडेला घट्ट चिकटून बसला. साळवे सिस्टरांनी चष्मा पुसला, वाकून पाहिले आणि सावकाश सरळ झाल्या.

"मूळ आहे."

गयाबाईंनी कुंडीचे हिरवे कापड सोडवून घेतले.

"तीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढली मी," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या, "असं एकदाही झालं नाही!"

वन्संना मलाच कळवावे लागले. त्या इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. "मुळाची ओटी भरलीत, वहिनी?" मग थोडे थांबून, निराळ्या आवाजात, "जाऊ द्या हो. नाही फुलायचं ते तिथं. मी आपली इथंच बरी."

ते शेवटचे वाक्य मला आवडले नाही. फोन ठेवल्यावर मी वहीत नवे पान उघडले आणि त्यावर फक्त तारीख घातली.

*

हिवाळ्यात झाड साळवे सिस्टरांच्या खिडकीत होते. खिडकी बंद, कुंडीभोवती लोकरीची शाल, आणि दारावर पाटी: 'भेटण्याची वेळ ५ ते ६. गर्दी करू नये.' पाने टवटवीत, मुळे जाड. फुलाचे नाव नाही.

एक दिवस गयाबाई बरोबर पाच वाजता वर गेल्या, झाडाकडे पाहिले आणि शाल ओढून काढली.

"लई लाड झाले! थंडी दावा त्याला!"

"गयाबाई, पेशंट नाजूक आहे!" सिस्टर.

"अवो, थंडी पडल्याबिगर हरभरा फुलतो का? नुसता पाला वाढतो. आमच्या रानात थंडी चुकली, की हरभरा हिरवागार दिसतो आन् घाट्याच्या नावानं भोपळा! ह्याचं बी तसंच दिसतंय. खातंय, पितंय, शाल पांघरून बसलंय. कशापायी फुलंल?"

दोघी माझ्याकडे निकालासाठी आल्या. माती घालणारी बाई एका बाजूला, जीव वाचवणारी दुसऱ्या बाजूला. मी वही चाळली. खरोखरच, झाड आल्यापासून त्याला एकही गार रात्र मिळाली नव्हती. मी निकाल गयाबाईंच्या बाजूने दिला. सिस्टर माझ्याशी तीन दिवस बोलल्या नाहीत.

अंधार पडला की झाड गॅलरीत, सकाळी आत. तीन आठवड्यांनी एक कोंब आला. या वेळी कोणी बांगड्या आणल्या नाहीत. कोणी मोठ्याने बोलतही नव्हते. कोंब वर चढला, टोकाला हातमोज्यासारखा चपटा झाला आणि वरच चढत राहिला. सिस्टरांनी टॉर्च लावून पाहिले.

"आता लिहा," त्या मला म्हणाल्या. "निश्चित."

मग त्या तळमजल्यावर गेल्या आणि गयाबाईंच्या हातात ती लोकरीची शाल ठेवली. "ही तुम्ही पांघरा. त्याला नको आहे."

*

माघ संपता संपता पहिले फूल उमलले. मोजून सात कळ्या होत्या; पंधरवड्यात सातही उघडल्या. मी वन्संना फोन केला. या वेळी तिकिटाचे नाव काढले नाही. फक्त "सात" म्हटले.

"फोटो आला," त्या म्हणाल्या. "पण फोटोत काय, हल्ली काहीही दाखवतात."

"मग प्रत्यक्ष या."

"नातवाची परीक्षा होऊ द्या."

मग नातवाची परीक्षा झाली आणि नातीची सुरू झाली. चैत्र लागला. उन्हाने डोके वर काढले. झाड पुन्हा कूलरशेजारी, सत्तारभाईंची गादी पुन्हा दाराशी. एक फूल गळाले. मग दुसरे. वहीत आता दमटपणाच्या रकान्याशेजारी मी फुलांची संख्या लिहू लागले होते: पाच. चार. चार. तीन.

शेवटी वन्संचा फोन आला, रविवारी येते. त्या दिवशी बुधवार होता आणि फुले दोन.

नजमाभाभी माझ्याकडे आल्या आणि दार लावून घेतले. "काकू, गुलमंडीत अशीच कापडाची फुलं मिळतात. एकदम सेम! पाच आणून तारेनं लावू? तुमच्या नणंदेला काय कळतंय?"

"नजमाभाभी," मी म्हटले, "मॅट्रिकच्या परीक्षेत शेजारच्या मुलीचे उत्तर चुकून कानावर पडले, म्हणून मी तो प्रश्न सोडून दिला होता."

"हौ काकू," त्या हिरमुसून म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन थांबल्या. "किती मार्कांचा होता?"

"सात."

*

रविवारी सकाळी फुले: एक.

कुमुदवन्सं अकराच्या सुमारास आल्या. हातात आठ दिवसांची बॅग, आणि दुसऱ्या हातात तोंड बांधलेली एक कापडी पिशवी, जी त्यांनी रिक्षावाल्याला उचलू दिली नाही आणि मलाही दिली नाही. दारातून आत आल्या. यांच्या फोटोसमोर क्षणभर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "कुठं आहे?"

मी त्यांना तिसऱ्या मजल्यावर नेले. साळवे सिस्टर आणि गयाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. सत्तारभाई दाराशी गादीवरून उठून उभे राहिले. कूलरचा आवाज, वाळ्याचा वास, आणि तिपाईवर, वाकलेल्या दांड्याच्या अगदी टोकाला, ते एक फूल. पांढरे, मध्ये जांभळी छटा.

वन्संनी चष्मा लावला. जवळ गेल्या. एका बोटाने पाकळीला हात लावला. खरीच आहे ना, ते पाहिले असावे. आम्ही चौघीही श्वास रोखून, की आता या काय म्हणतात! मी तर उत्तरही तयार ठेवले होते. वर्षभर घोकलेले होते.

त्या मात्र खाली बसल्या, कापडी पिशवीची गाठ सोडली आणि आतून एक कुंडी काढली. तिच्यात दोन पिवळी पाने होती, आणि तीही लुळी.

"तुमच्या झाडाबरोबरच घेतलं होतं," त्या कुंडीकडे पाहत म्हणाल्या. "एकाच दुकानातून. मी रोज पाणी घातलं, वहिनी. रोज!"

 मी माझे घोकलेले उत्तर गिळले.

साळवे सिस्टर पुढे झाल्या. पान उलटून पाहिले, कुंडीत बोट घातले, वास घेतला.

"ॲडमिट करावं लागेल."

"किती दिवस?" वन्संनी विचारले.

"फुलेपर्यंत."

"म्हणजे... वर्ष?"

"थंडी दावावी लागंल," गयाबाई म्हणाल्या.

वन्संनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा आपल्या बॅगेकडे. "मी तर आठ दिवसांचेच कपडे आणलेत."

"त्यात काय?" गयाबाई म्हणाल्या. "सरकारी दवाखान्यात बी पेशंटासंगं घरचं एक मानूस ऱ्हातंच की!"

नजमाभाभी तिपाई सरकवून दुसऱ्या कुंडीला जागा करू लागल्या. सत्तारभाईंनी कोणी सांगायच्या आत आपली गादी गुंडाळली आणि जिन्यात नेली.

मी वही उघडली. तारीख घातली. दमटपणा: सत्तावन्न. फुले: एक. घराच्या रकान्यात नजमाभाभींच्या घराखाली, वन्संसाठी, माझेही घर लिहिले, आणि शेऱ्याच्या रकान्यात, समास न ओलांडता: 'पेशंट एक. सोबत नातेवाईक एक.'